माईकवरचं नाव

गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत माईकवर एक पाटी दिसते. त्या पाटीमागच्या माणसाची ही गोष्ट. आणि तुमच्या गावात कुठल्यातरी माळ्यावर धूळ खात पडलेल्या भोंग्याचीही.

डिप्लोमा, आयटीआय नाहीतर बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स करत असाल, तर लॅबमधला काट्याचा जुना मल्टिमीटर तुम्ही हाताळला असेलच. त्यावर बऱ्याचदा एक नाव असतं, मोटवाने. आपण रीडिंग घेतो, जर्नलमध्ये उतरवतो, सर सही करतात, विषय संपतो. ते नाव कुणाचं, हे तोंडी परीक्षेतही कुणी विचारत नाही.

आता मोबाइल काढा आणि गांधीजी, नेहरू, सरदार पटेल, सुभाषबाबू यांच्या सभांचे जुने फोटो शोधा. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नको, माईककडे बघा. बऱ्याच फोटोंत तिथे ठळक पाटी लावलेली दिसेल : शिकागो रेडिओ. वाचून वाटतं, अमेरिकेतली कंपनी असणार. पण ती होती मुंबईची. चालवणारं कुटुंब सिंधी. आणि लॅबमधल्या मीटरवरचं नाव नि ही पाटी, दोन्ही एकाच घरातली.

ही पाटी देशभर फिरवणारा त्या घरातला माणूस म्हणजे नानिक मोटवाने.

गोष्ट सुरू होते सिंधमधल्या सक्कर या गावात. नानिक यांचे वडील ग्यानचंद मोटवाने यांनी तिथे १९०९ मध्ये धंदा सुरू केला, ईस्टर्न इलेक्ट्रिक अँड ट्रेडिंग कंपनी या नावाने. १९०९ म्हणजे किती आधी, हे जरा डोळ्यांसमोर आणा. देशातल्या बहुतेक गावांत विजेचा खांबही नव्हता आणि हा माणूस विजेचं सामान विकायला बसला होता! पुढे धंदा कराचीला गेला आणि तिथून १९१९ च्या सुमारास मुंबईत आला. टेलिफोन, मग रेडिओ असं सामान वाढत गेलं आणि कंपनी शिकागो टेलिफोन अँड रेडिओ कंपनी झाली. लोकांच्या तोंडी मात्र राहिलं ते नुसतं शिकागो रेडिओ.

नानिक मोठे झाले ते या सामानातच. त्यांच्या तरुणपणी रेडिओ ही अगदी नवी चीज होती. मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं जुलै १९२७ मध्ये. तुमच्या वयाच्या पोरांना आज एआय जसं वाटतं, तसं तेव्हा रेडिओचं होतं. सगळे त्याबद्दल बोलायचे, आतून कळायचं फार थोड्यांना. नानिक त्या थोड्यांपैकी झाले.

पण त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते रेडिओमुळे नाही, एका अडचणीमुळे. अडचण अशी, की गांधीजींच्या सभेला माणसं यायची हजारोंनी, कधी लाखांनी, आणि आवाज पोचायचा पुढच्या काही रांगांपर्यंत.

इथे थोडं फिजिक्स. माणूस अगदी जोर लावून बोलला तरी त्याच्या आवाजातली ऊर्जा असते वॅटच्या हजाराव्या भागाच्या आसपास. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दहा फुटांवर स्पष्ट ऐकू येणारं बोलणं शंभर फुटांवर गर्दीच्या कुजबुजीत हरवतं. त्यात गांधीजींचा आवाज मुळात हळू. मग काय करायचे? सभेत ठिकठिकाणी माणसं उभी करून वाक्य पुढे पोचवायचे. ते मागे जाईपर्यंत त्याचं काय होत असेल, हे कानगोष्टी खेळलेल्या कुणालाही कळेल. मैदानात दोन-तीन मंच बांधून वक्त्याने एकावरून दुसऱ्यावर जायचं, असाही प्रकार असे. गांधीजींना असं एका मंचावरून दुसऱ्यावर जाताना नानिक यांनी पाहिलं आणि इथे आपण काहीतरी करू शकतो हे त्यांच्या डोक्यात बसलं, असं सांगितलं जातं.

उपाय जगात तोवर सापडला होता. पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा इंजिनियर आणि एडविन प्रिडहॅम हा त्याचा अमेरिकन जोडीदार, या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या नापा गावात खटपट करून १९१५ मध्ये जाहीर कार्यक्रमाला चालेल असा लाउडस्पीकर उभा केला. १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी सॅन दिएगोला सुमारे पन्नास हजार लोकांसमोर त्यांच्याच यंत्रावरून भाषण केलं. तत्त्व आजही तेच आहे. चुंबकाच्या फटीत तारेची हलकी गुंडाळी, तिला चिकटलेला पातळ पडदा, आणि त्यापुढे अरुंद गळ्यापासून रुंद तोंडापर्यंत पसरत जाणारा कर्णा.

कर्णा कशाला? कारण तेव्हाचे व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर फार वॅट देत नसत. नुसत्या कागदी कोनाचा स्पीकर त्याला दिलेल्या विजेतली जेमतेम शंभरात एक वाटा इतकी ताकद आवाजात बदलतो, बाकीची उष्णता. कर्णा लावला की हवा पडद्याला नीट पकड देते आणि हा वाटा कितीतरी पटींनी वाढतो. थोड्या वॅटमध्ये मोठं मैदान. आज डीजेवाले हजारो वॅटच्या गप्पा मारतात, पण तेव्हा वॅट महाग होता आणि कर्णा स्वस्त.

मार्च १९३१. कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष वल्लभभाई पटेल. या अधिवेशनाच्या दोन-तीन दिवस आधी, २३ मार्चला, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली होती. राजगुरू तर आपल्या खेडचे. मांडवात तरुण पोरं संतापलेली. गांधी-आयर्विन करारावर मतभेद. अशा सभेत मागच्या माणसाला पुढचं ऐकूच आलं नाही तर काय होईल, याचा विचार करा. या अधिवेशनात आवाजाची व्यवस्था शिकागो रेडिओने केली. मूलभूत हक्कांचा ठराव इथेच मंजूर झाला, ज्याचा धागा पुढे थेट राज्यघटनेपर्यंत जातो. तिथून पुढे काँग्रेसची सभा आणि शिकागो रेडिओ हे समीकरणच होऊन गेलं.

सुरुवातीला माईक, अॅम्प्लिफायर, कर्णे बाहेरच्या देशांतून यायचे. पण परदेशी माल आपल्या मैदानात जसाच्या तसा चालतो थोडाच? तिकडची यंत्रं बनायची हॉलसाठी, घरच्या विजेसाठी. इथे सभा उघड्यावर, धुळीत, उन्हात, आणि वीज नसलेल्या गावात. मग बॅटऱ्या वाहून न्यायच्या, तारा टाकायच्या, यंत्र उघडून आपल्या कामाला येईल असं जुळवून घ्यायचं. नानिक यांच्या माणसांचं हे रोजचं काम झालं. आज आपण याला मॉडिफिकेशन म्हणतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. त्यांना ते संध्याकाळच्या सभेआधी करून द्यावं लागे, एवढाच फरक.

आणि काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तारेतून वीज मात्र जवळजवळ तत्क्षणी पोचते. म्हणजे मंचाजवळच्या कर्ण्याचा आवाज १७० मीटरवरच्या माणसापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो, आणि त्याच्या शेजारचा कर्णा तेच वाक्य अर्धा सेकंद आधीच बोलून मोकळा! दोन्ही मिसळले की नुसता गोंधळ. म्हणून कर्णे किती, कुठे, कुणाकडे तोंड करून लावायचे, याला डोकं लागतं. कर्ण्याचा आवाज परत माईकमध्ये शिरला की सुरू होते ती कानठळी शिट्टी. गांधीजी बोलताहेत आणि शिट्टी वाजली, तर लाख माणसं मागे वळून कुणाकडे बघणार? ऑपरेटरकडेच. सगळं नीट झालं तर त्याच्याकडे कुणीच बघत नाही. नानिक यांची अख्खी कारकीर्द या दुसऱ्या प्रकारच्या यशाची आहे.

हां, पाटी मात्र त्यांनी नीट लावली. माईकच्या पुढच्या बाजूला, कॅमेऱ्यात येईल अशी. काहींना हे खटकेल. देशसेवा की जाहिरात? मला विचाराल तर दोन्ही, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. इंग्रज सरकारच्या डोळ्यांदेखत काँग्रेसच्या मंचावर आपल्या दुकानाचं नाव लावणं ही त्या काळी काही फुकटात पडणारी जाहिरात नव्हती. तिचं बिल आलंच, १९४२ मध्ये.

८ ऑगस्ट १९४२, मुंबई, गवालिया टँक. चले जावचा ठराव झाला. त्या सभेचा आवाज लोकांपर्यंत नेणारी यंत्रणा शिकागो रेडिओची होती आणि त्यांनी तिथलं ध्वनिमुद्रण नि चित्रीकरणही केलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. बाकीच्यांना घेऊन गाडी पुढे निघाली आणि थांबली ती आपल्या नगरला.

भुईकोट किल्ला तुम्ही बाहेरून हजारदा पाहिला असेल. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव असे काँग्रेस कार्यकारिणीचे बारा जण तिथे होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच १९४४ मध्ये लिहिलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या ऑगस्टमध्ये हे सगळे कुठे आहेत, हे सरकार लोकांना सांगत नव्हतं. कैद्यांनाही सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र मिळत नव्हतं. लाखोंच्या सभेत घुमणारे आवाज आता एका दगडी भिंतीआड एकमेकांपुरते उरले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. देशाला सांगणार कोण, की चाललंय काय?

सांगायला पुढे आली ती मुंबईतली कॉलेजातली मुलं. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांची, विल्सन कॉलेजात शिकलेली. तिने, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी यांनी मिळून ऑगस्टमध्येच गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. राममनोहर लोहियांची त्याला साथ होती. प्रक्षेपण ४२.३४ मीटरवर व्हायचं. हॅम रेडिओ करणाऱ्यांनी हिशेब करून बघा, सात मेगाहर्ट्झच्या जरा वर येतं, म्हणजे हौशी लोकांचा ४० मीटरचा पट्टा. गंमत अशी की हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारने महायुद्ध सुरू होताच रद्द करून यंत्रं जमा करून घेतली होती. घरात ट्रान्समीटर जुळवणं हा तेव्हा छंद राहिला नव्हता, गुन्हा झाला होता.

ट्रान्समीटरला सामान लागतं. व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर, माईक. आणि ते जोडू शकणारी माणसं. मुंबईत हे सगळं एकत्र कुठे मिळणार, याचं उत्तर पोलिसांनाही ठाऊक होतं. नानिक मोटवाने यांनी या मुलांना मदत केली. गवालिया टँकच्या सभेची ध्वनिफीतही त्यांच्याकडेच होती. कोट्यवधींचा धंदा वगैरे राहू द्या, साधा दुकानदार असता तरी त्याने दहादा विचार केला असता. यांचं तर नाव आधीच प्रत्येक माईकवर छापलेलं.

मुलं घरं बदलत राहिली. आज या इमारतीत, चार दिवसांनी दुसरीकडे. मागे पोलिसांची शोधक गाडी. वर्तमानपत्रं छापत नसत त्या बातम्या या रेडिओवरून जायच्या, त्यात आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीच्या दडपशाहीचीही. साधारण तीन महिने हे चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रक्षेपण चालू असतानाच पोलिसांनी दार फोडलं. ठिकाण दाखवलं होतं त्यांच्याच एका तंत्रज्ञाने. काय करणार, यंत्र जुळवणारा हातच फुटला तर लपायला जागा कुठली?

खटल्यात पाच आरोपी होते आणि त्यात नानिक मोटवाने एक. कोठडी, चौकशी, मग विशेष न्यायालय. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार वर्षं, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक निर्दोष सुटले. उषाताई १९४६ मध्ये बाहेर आल्या, पुढे राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, आणि या रेडिओची गोष्ट त्यांच्या नावाने ओळखली जाते. ते रास्तच आहे. फक्त त्या गोष्टीत सामान पुरवणारा एक माणूसही पिंजऱ्यात उभा होता, एवढं लक्षात असू द्या.

सुटल्यावर नानिक यांनी काय केलं? परत माईक लावले. १९४७ आलं. देश स्वतंत्र झाला, आणि सक्कर, कराची दोन्ही सीमेपलीकडे गेली. ज्या शहरात त्यांच्या यंत्रांनी काँग्रेसचं अधिवेशन ऐकवलं, ते आता परक्या देशात. स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सभांच्या फोटोंतही तीच पाटी दिसत राहते. मधल्या काळात त्यांनी भाषणांची मुद्रणं, फिल्म, फोटो जमवत मोठा साठा केला होता. सभा संपली की तारा गुंडाळून निघून जाणाऱ्या माणसाने हे जपावं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. आवाज पोचवणं हा धंदा झाला, पण तो टिकवणं कुणी सांगितलं होतं?

पुढे कुटुंबाचा कारखाना नाशिकरोडला उभा राहिला आणि मल्टिमीटर, मेगर अशी मोजायची यंत्रं बनू लागली. तुमच्या लॅबमधलं ते नाव इथून आलं. नानिक मोटवाने १९७० मध्ये गेले. तोवर व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले होते, गावोगावी वीज पोचत होती आणि सभेला भोंगा लावणारा गावातच मिळू लागला होता.

आता वळूया त्या भोंग्याकडे.

नगर जिल्ह्यात भोंगा म्हटलं की आधी साखर कारखान्याचा भोंगा आठवतो. शिफ्ट बदलल्याचं अर्ध्या तालुक्याला कळायचं. पण पत्र्याचा, उघड्या तोंडाचा, झाडाला नाहीतर देवळाच्या शिखराला बांधलेला भोंगा हा वेगळा. काकडआरती, सप्ताह, तमाशाची जाहिरात, ग्रामपंचायतीची दवंडी, लग्नात वऱ्हाडी मंडळींना जेवायला बोलावणं, सगळं त्यावरून. आता डीजे आला आणि हे भोंगे गेले माळ्यावर, गोठ्यात किंवा थेट भंगारात. मंडपवाल्याच्या जुन्या गोदामात अजूनही एखादा सापडतो. पत्रा किलोच्या भावात जातो आणि त्याच्या मागचं चुंबक कुणीतरी काढून घेतं.

तसा एखादा तुमच्या हाती लागला, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, तर घाई करू नका. आधी मागचं युनिट फिरवून वेगळं करा. मल्टिमीटर घ्या, काट्याचा असेल तर उत्तमच, आणि ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर दोन टोकं युनिटच्या टर्मिनलला लावा. लावताना बारीक टक् असा आवाज आला तर कॉइल जिवंत आहे. आठ ओहम लिहिलेल्या युनिटवर काटा सहा-सातच्या आसपास थांबेल. घाबरू नका. मीटर तारेचा नुसता डीसी रोध मोजतो, आवाज वाजताना लागणारा इम्पिडन्स त्याहून थोडा जास्त असतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली किंवा जळली. आणि आकडा काहीतरी भलताच आला, तर आत किंवा बाजूला छोटा ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. लांबवर तार टाकायची तर व्होल्टेज वाढवून पाठवायचं आणि प्रत्येक भोंग्यापाशी उतरवायचं, ही लाइनची पद्धत. महावितरण जे विजेचं करतं तेच, आवाजासाठी. हा ट्रान्सफॉर्मर टाकून देऊ नका. बाजूला काढा, पण पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा.

कॉइल गेली असेल तर डायफ्रॅम बदलावा लागेल. अनेक युनिटना आजही बाजारात मिळणारा डायफ्रॅम बसतो. व्यास मोजून घ्या. बसवताना कॉइल फटीत अगदी मधोमध हवी. फट मिलिमीटरच्या हिशेबात असते आणि तिथे लोखंडाचा एक कण जरी अडकला तरी आवाज खरखरतो. तो कण फुंकून जात नाही, कारण चुंबक त्याला सोडत नाही. चिकटपट्टीची उलटी बाजू दुमडून फटीत फिरवा, कण तिला चिकटून येतात. एक मात्र करू नका, चुंबक खोलू नका. जुन्या स्पीकरमधलं चुंबक बऱ्याचदा अल्निकोचं असतं. त्याच्या भोवतीचं लोखंड वेगळं केलं की त्याची ताकद कायमची उतरते. पुन्हा जोडलं तरी पहिल्यासारखं होत नाही.

त्याहून जुना, कोनाचा स्पीकर मिळाला आणि त्यात कायमच्या चुंबकाऐवजी दुसरी मोठी कॉइल दिसली, तर तो फील्ड कॉइलचा. त्याला चुंबक बनायलाच शंभरएक किंवा जास्त व्होल्ट लागतात. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तर बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट धरून बसतो. हे एकट्याने, रात्री, हॉस्टेलच्या रूमवर उघडायचं काम नाही. गावात एखादा जुना रेडिओ-दुरुस्तीवाला काका असेलच, त्यांच्याकडे जा. चहा पाजा. पुस्तकात नसलेलं बरंच मिळेल.

आता मॉडिफिकेशन, कारण तुमचा खरा डोळा तिकडेच असणार. बारा व्होल्टवर चालणारा छोटा ब्लूटूथ अॅम्प्लिफायर बोर्ड भोंग्याला जोडता येतो. पाचेक वॅटही घरात कान फाडतील. पण थेट जोडून बासवालं गाणं लावलंत तर डायफ्रॅम गेलाच म्हणून समजा. भोंग्याचं युनिट बोलण्यासाठी बनलेलं असतं, साधारण तीनशे हर्ट्झच्या वरच्या आवाजांसाठी. त्याखालचे आवाज त्या बिचाऱ्या पडद्याला नुसते पुढेमागे आपटतात. म्हणून मालिकेत एक नॉन-पोलर कपॅसिटर टाका. आठ ओहमला ४० मायक्रोफॅरडच्या आसपास घेतला तर पाचशे हर्ट्झच्या खालचं हळूहळू कापलं जातं, सोळा ओहमला २० पुरतो. बोर्ड वेगळ्या डबीत बसवा, भोंग्याला भोक पाडू नका. उद्या कुणाला तो पुन्हा होता तसा करायचा असेल तर करता आला पाहिजे.

गंज निघेल तेवढा पॉलिश पेपरने काढा, पण नावाच्या पाटीला पेपर लावू नका. ओल्या फडक्याने पुसा, बस. आणि भोंगा देवळाचा किंवा मंडळाचा असेल तर आधी विश्वस्तांना विचारा. बहुतेक वेळा तो कुणीतरी वर्गणी काढून आणलेला असतो आणि त्या वर्गणीतला एखादा आजोबा अजून पारावर बसलेला असतो.

सगळं जुळलं की पहिल्यांदा गाणं लावू नका. इंटरनेटवर नेहरूंची, सुभाषबाबूंची मूळ मुद्रणं मिळतात. त्यातलं एखादं लावा आणि पन्नास पावलं लांब जाऊन उभे राहा. हेडफोनमध्ये तीच फीत पातळ, खरखरीत वाटते. भोंग्यातून शब्द न् शब्द सुटा ऐकू येतो, कारण हे यंत्र त्यासाठीच होतं. मात्र रात्री दहाच्या आत आटपा. दहा ते सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे, आणि शेजारच्या काकूंना शिकागो रेडिओचा इतिहास सांगायला तेव्हा फार उशीर झालेला असेल.